बारशाआधीची होडी

१९ ऑगस्ट

होडी मिळाली. एप्रिलपासून जलपोलिसांच्या आवारात पडून होती, आज सही करून सोडवली. माल्टेची कयाक. आता माझी. आईबाबा नाहीत, त्याला बायको-मुलं नाहीत, उरली ती बहीण.

तिथल्या अधिकारी प्रीबेबाईंनी नियम वाचून दाखवला. होडीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून तिचं नाव. आत मालकाचं नाव आणि पत्ता. त्याशिवाय पाण्यात घालायची नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे.

ठाऊक काय, पाठ आहे!

२१ ऑगस्ट

एकदा लिहूनच काढते, म्हणजे दिवसभर डोक्यात घोळणार नाही.

एप्रिलमध्ये माल्टे नवी होडी घेऊन पहाटे एकटाच तळ्यावर गेला. पाणी बर्फासारखं. सकाळी होडी पलीकडच्या काठाला रिकामी लागली. तंबू टाकून राहिलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने ती ओढून झाडाला बांधली. वरखाली पाहिलं — नाव नाही, पत्ता नाही. त्यांना वाटलं, तंबूवाल्यांचीच सुटून आली असेल. तंबूंच्या राखणदाराला सांगितलं आणि नाश्त्याला बसले. संध्याकाळी माल्टे फोन उचलेना म्हणून मीच पोलिसांना कळवलं.

तो बुडाला नव्हता. पोहून लव्हाळ्यापर्यंत आला होता, चिखलात बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, थंडीने गेला, दुपारपर्यंत जिवंत असावा.

दुपारपर्यंत.

२६ ऑगस्ट

होडीवर पत्ता का नव्हता? तर बारसं झालं नव्हतं म्हणून! आमच्या क्लबात नव्या होडीचं बारसं मे महिन्यात, हंगामाच्या पहिल्या फेरीला. अध्यक्ष होडीच्या टोकावर वाईन ओततो, नाव पुकारतो, मग सगळे सॉसेज खातात. त्याआधी होडीवर एक अक्षर लिहायचं नाही, आत नाही, बाहेर नाही. अपशकुन. शिकलीसवरलेली माणसं! एक तर दातांचा डॉक्टर आहे.

३० ऑगस्ट

होडी क्लबाच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. अध्यक्ष हिनरिख तिथेच होता. टोपी काढली. मग म्हणाला की ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीला हिचं बारसं करू, नाव ठेवू ‘माल्टे’. वाईन त्याच्याकडून.

मी म्हटलं, नको. म्हटलं, होडी शेडमध्ये आली की त्याच दिवशी आत पत्ता, असा नियम करा. बारसं मग करा हवं तेव्हा.

तो म्हणाला, ‘अगं गेझिने, माझ्या आजोबांपासूनची रीत आहे ही.’

आजोबांचा भाऊ नव्हता वाटतं लव्हाळ्यात बसला.

हे तोंडावर बोलले नाही. मी कधीच बोलत नाही. घरी येऊन भांडी इतकी घासली की कढईचा कान हातात आला.

४ सप्टेंबर

मी काम करते त्या औषधाच्या दुकानात हिनरिखची बायको वीबके आली. खोकल्याचं औषध हा बहाणा. काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगितलं — माल्टेने मार्चमध्ये हिनरिखला विचारलं होतं, आत नुसता पत्ता लिहून ठेवू का. हिनरिख म्हणाला होता, थांब रे, मे काही लांब नाही.

मी तिला सुट्टे पैसे दिले.

५ सप्टेंबर

माल्टेचाही राग येतो. एवढा मोठा घोडा, लिहायला परवानगी मागत होतास?

१३ सप्टेंबर

क्लबाची सभा. पत्त्याचा माझा ठराव शेवटी घेतला, सगळ्यांची जेवणाची घाई झाल्यावर. दातांचा डॉक्टर योर्न आधीच म्हणाला, ‘काय गं, पोलिसात लागलीस का?’ लोक हसले. वाईट हेतूने नाही. हसायची सवय.

कोणीतरी म्हणालं, बारशाआधी नाव लिहिलं की पाणी ते लक्षात ठेवतं.

मी उठले. त्या क्लबात मी आजवर उभी राहून बोललेली नाही. म्हटलं, ‘पाण्याने लक्षात ठेवलं असतं तरी चाललं असतं. त्या म्हातारीला होडीत ते वाचायला मिळायला हवं होतं.’

मग हिनरिख टेबलाकडे बघत म्हणाला की विषय नाजूक आहे, वसंतात बघू. वसंतात! पाणी पुन्हा थंडगार असतं तेव्हा? हात वर करायला सांगितलं. पुढे ढकला म्हणणारे जवळजवळ सगळे. वीबकेने नवऱ्याकडे पाहिलं आणि हात खालीच ठेवला.

बटाट्याचं सॅलड न घेता निघाले.

१४ सप्टेंबर

हिनरिखचा फोन आला. घेतला नाही.

२० सप्टेंबर

होडी शेडमधून काढली. कोणाला विचारलं नाही. अंगणात उलटी घालून दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात नाव लिहिलं: ‘बगळा’. माल्टे नाही. माझ्या भावाच्या नावावर कोणी वाईन ओतायची नाही. आत बैठकीमागे पत्र्याची पट्टी स्क्रूने बसवली — गेझिने लुडविग, रस्ता, घर, गाव, घरचा फोन. बारसं नाही. सॉसेज नाही. स्क्रू असे आवळले की एकाचं डोकं तुटलं.

२७ सप्टेंबर

लाइफ जॅकेट घालून काठाकाठाने वल्हवत गेले. जलपोलिसांची बोट आडवी आली. प्रीबेबाई. बाहेरचं नाव पाहिलं, वाकून आतली पट्टी वाचली. चोख आहे म्हणाल्या. मला वाटलं, क्लबातल्या एकेकाला इथे आणून ऐकवावं.

मग त्यांनी विचारलं, या पत्त्यावर आणखी कोण राहतं?

कोणी नाही, मी एकटीच.

‘म्हणजे होडी रिकामी सापडली, तर मी तुमच्या बंद दाराची बेल वाजवत बसणार,’ त्या म्हणाल्या. चिडून नाही, रोजचं काम सांगावं तसं. ‘नियमाला एवढं पुरतं. पण खाली अजून एक नंबर लिहा, फोन उचलणाऱ्या माणसाचा.’

परत येईपर्यंत त्यांच्यावर संतापलेली होते. आगाऊ बाई.

२८ सप्टेंबर

माल्टेसुद्धा एकटाच राहायचा. त्याने पत्ता लिहिला असता तर स्वतःचाच लिहिला असता. फोन त्याच्या खिशात होता, भिजलेला.

हिनरिखकडे गेले. पट्टीवर त्याचा नंबर लिहू का विचारलं. कशाला, ते त्याने विचारलं नाही. म्हणाला, ‘लिही. एप्रिलपासून फोन अंगावेगळा केलेला नाही मी.’