आईचं गंगावन

अण्णा, आज गुरुवार होता. कॅन्सरच्या वॉर्डातून आले, हात दोनदा धुतले, तरी बोटांवर भुवयांच्या पेन्सिलीचा काळा रंग आहे तसाच. चिकलठाण्याला कंपनीत कामाला जाणारी एक बाई आहे, आता कुठं तिशीतली, पुढच्या महिन्यात तिला कामावर परत जायचंय. तिनं विचारलं, "ताई, भुवया झाल्या, केसांचं काही मिळंल का हो?" आणि मी तोंड वर करून नाही म्हणाले. मिळण्यासारखं आहे, माझ्या कपाटातच आहे, आणि तुमच्याच हातचं आहे. हे खोटं मी सगळ्यात आधी तुमच्याशी बोलले होते, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा उलट टपालानं बोलणी बसायची भीती नाही.

गुलमंडीच्या बोळातलं आपलं दुकान आता माझं मलाच खरं वाटत नाही. शाळांच्या गॅदरिंगला भाड्यानं द्यायचे अंगरखे, पुठ्ठ्याचे मुकुट, खिळ्यांना लटकवलेले नाटकातले केसांचे टोप. संध्याकाळी तुम्ही रंगाची पेटी घेऊन निघायचात आणि बँकेतल्या कारकुनाला अर्ध्या तासात राजा करायचात. सगळी गल्ली मास्तर म्हणायची. आणि घरात औषधांनी आईचे केस गेले, भुवया गेल्या, तेव्हा तुम्ही फळं आणलीत, डॉक्टरांचे उंबरे झिजवलेत, पण पेटी काही उघडली नाहीत. एक दिवस तिनं आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला, आणि आपण दोघांनीही तो तसाच राहू दिला. मी तेव्हा चौदा वर्षांची, मला काय सुचणार. ती गेल्यावर तीन महिन्यांनी तुम्ही पेटी उचललीत आणि त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात जाऊन उभे राहिलात. "जेव्हा सुचायला पाहिजे होतं तेव्हा सुचलं नाही," एवढंच म्हणालात. ते मी मनात धरून ठेवलं.

तुमच्याबरोबर पेटी धरायला मी असायचे, शिवाय एक रिटायर झालेले पोस्टमन यायचे, पेशंटना भजनं म्हणून दाखवायला, आणि एका शाळेतल्या बाई, गोष्टी वाचायला. ना पाटी, ना पावतीपुस्तक. सिस्टर आपल्याला नुसतं गुरुवारवाले म्हणायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही एका आजींच्या भुवया रंगवल्यात, त्या थिएटरातल्या शेवटच्या रांगेला दिसाव्यात अशा. आजींनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो मास्तर, मी काय राक्षसीण व्हय?" सगळा वॉर्ड हसला, तुम्हीही हसलात, पण घरी येऊन जेवला नाहीत. जन्मभर लांबून बघणाऱ्यांसाठी चेहरे रंगवले, आणि इथं माणूस हातभर अंतरावरून बघतो, हे तुमच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी वस्तऱ्यानं स्वतःची एक भुवई काढून टाकलीत आणि आठवडाभर तिथं पेन्सिलीनं एकेक केस काढायचा सराव करत बसलात. समोरचा चहावाला म्हणाला, "मास्टर, ये क्या हुलिया बना लिया?" मी लाजेनं आठवडाभर तुमच्याबरोबर बाहेर पडले नाही. आज माझ्या हातच्या भुवया खऱ्या वाटतात म्हणून बाया कौतुक करतात, ते सगळं त्या एका भुवईचं देणं आहे.

मग काही वर्षांनी ती पिशोरची बाई आली. शेतात राबलेली, बोलायला एकदम रोखठोक. तिच्या लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. "मास्तर, मला असं बोडकं बघून मांडवात समदे पोरीला सोडून माझ्याकडंच बघतील. कळवळा करतील. तिचा दिवस हाय तो, माझा नाय. घरचे म्हणतात, तू आत खोलीत बस. मी नाय बसायची. मला तिच्याजवळ उभं राहायचंय." तुम्ही दुकानातले टोप आणून बघितलेत. सगळे नाटकातल्या राण्यांचे, चकचकीत, भांगात जाळी दिसायची. तिनं एक घालून बघितला, काढला, आणि तुमच्या हातात परत दिला.

दोन दिवसांनी मी बाजारातून येते, तर तुम्ही खिडकीत बसलेले, मांडीवर आईचं गंगावन सोडलेलं. विंचरताना निघालेलं गुंतवळ ती कधी टाकायची नाही. चांगली होती तेव्हा वर्षानुवर्षं साठवून तिनं ते तुमच्याकडूनच बांधून घेतलं होतं, सणासुदीला वेणीत घालायला. तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि मी ते तिच्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं. तुम्ही त्यातला एकेक केस सुईनं जुन्या टोपाच्या जाळीत ओवत होता, भांगाच्या दोन्ही बाजूंनी. माझं डोकंच फिरलं. "आईला एकदाही रंगवलं नाहीत, आणि आता तिचे केस वाटत सुटलात?" हे मी बोलले, अण्णा. तुम्ही पुढचा केस ओवलात. मग मान वर न करता म्हणालात, "ट्रंकेत तुझी आई नाही. केस माणसाच्या डोक्यावर असावेत." मी अकरा दिवस तुमच्याशी बोलले नाही, ताट आदळून वाढत राहिले. तुम्ही निमूटपणे जेवत राहिलात, आणि त्यानं तर मी जास्तच चिडले.

ती गावी निघाली त्या सकाळी, यायचं नाही म्हणता म्हणता मीही वॉर्डात आले. तुम्ही टोप बसवलात, भुवया काढल्यात, मग आरसा धरू का म्हणून विचारलंत. तिनं आरशात बघत भांगावरून बोट फिरवलं. "कुणाचे केस हो हे, मास्तर?" "आमच्या घरातलेच," तुम्ही म्हणालात. ती पदर सावरत दाराकडं गेली आणि पाठमोरी मला आईच दिसली. मला रडू आलं आणि तुमचा इतका राग आला की मी तिला नीट जा असंसुद्धा म्हणाले नाही.

ती परत वॉर्डात आली नाही. वर्षभरानं तुम्हाला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तुम्ही खाटेला खिळलात. मागच्या खोलीत तुमची खाट, पुढं दुकान मी बघत होते, तेव्हा एका दुपारी तिची लेक आली, हातात रुमालात बांधलेलं गाठोडं. "आई गेली. मास्तरचे केस मास्तरला पोचते कर म्हणली होती. धुतलेत, तेल लावलंय. आता आजून कुणाच्या कामी येतील." मग म्हणाली, "लग्नात आई शेवटपर्यंत माझ्याजवळ उभी होती. सगळ्यांच्या म्होरं." मी तिला चहा पाजला. तुम्हाला भेटायचं म्हणत होती, तर झोपलेत म्हणून सांगितलं. तुम्ही जागे होता. गाठोडं मी कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं.

त्यानंतर तुम्ही दर गुरुवारी, जीभ अडखळायची तरी, विचारायचात, "पिशोरहून कुणी आलं का गं?" मी नाही म्हणायचे. कपाट तुमच्या खाटेपासून दहा पावलांवर होतं. टोप दिसला असता तर तुम्ही तो पुढच्या बाईला देऊन मोकळे झाला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तुम्ही टोपाबद्दल विचारत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. त्या बाईचं काय झालं, ती उभी राहू शकली का, एवढंच तुम्हाला हवं होतं, आणि ते सांगितलं असतं तर टोपाचं निघालं असतं, म्हणून मी तेही गिळलं. आईसाठी जे जमलं नाही ते एकदा तरी जमलं, हे न कळताच तुम्ही गेलात, आणि ते माझ्यामुळं.

ती उभी राहिली होती, अण्णा. लेकीजवळ, शेवटपर्यंत, सगळ्यांच्या म्होरं.

टोप आत्ता काढून विंचरलाय. केसांना अजून तेलाचा वास आहे, आईचा काही राहिला नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबले तर माझी बुद्धी पुन्हा फिरेल, म्हणून उद्या सकाळीच त्या चिकलठाण्याच्या बाईला नेऊन देते. फक्त मानेजवळची एक बारीक बट मी कापून घेतली आहे, कुणाला दिसायची नाही अशा जागची. तेवढी मागू नका.