जामुनताल ट्रॅकवरची बातमी

१ डिसेंबर, सकाळी १०
उद्यापासून जामुनताल तलावाभोवतीच्या नव्या ट्रॅकवर रोज सायकल. तीन राउंड. पावणेसहाला घर सोडायचं. वय अडुसष्ट, पण तब्येत पन्नाशीची. फॅक्टरीत तीस वर्षं तपासणी विभागात होतो, केसाएवढा फरक नुसत्या नजरेनं पकडायचो. साहेब म्हणायचे, ढेंगळे, तुमचे डोळे आहेत की मापाचं गेज?
काल ओमतीच्या बाजारातून सायकल आणली. लाल. गिअरवाली. बायको शकु म्हणाली, आता काहून? मी म्हटलं, आता नाही तर कधी?

२ डिसेंबर
गेलो नाही. धुकं. उगाच रिस्क नको.
रविवारच्या ‘मंडळ वार्ते’साठी बातमी मात्र तयार केली: ‘विजय नगरात ज्येष्ठांमध्ये सायकलची लाट.’ मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे चौऱ्याऐंशी लोक आहेत. वार्तेचा संपादक मी, वार्ताहर मी, चुका तपासणाराही मीच. लोकांना खरी बातमी मिळावी एवढाच हेतू.

५ डिसेंबर
एक राउंड पूर्ण. उजवीकडचा कठडा भलत्याच जागी बांधला आहे, खांदा घासला. इंजिनिअर लोकांना अक्कल नाही. तक्रार लिहून राहिलो.
नागपूरहून अमिताचा फोन. बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात का? एप्रिलमध्ये त्यांनी काचबिंदूची शंका घेतली होती, थेंब दिले होते. थेंब दिवाळीच्या आधीच संपले. मी म्हटलं, बेटा, एकदम फर्स्ट क्लास. पेपर वाचतो. मथळे वाचतो हे खरं, पण हल्ली पेपरात मथळ्यांखाली असतं तरी काय?

९ डिसेंबर
सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तो खाली पडला. शकु म्हणाली, टेबल संपलं होतं तिथं. या बाईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.
१२ तारखेची डॉक्टरची वेळ घेतली. तिच्या समाधानासाठी.

१२ डिसेंबर
डॉक्टरकडे जाणं जमलं नाही. सायकल रॅलीची मीटिंग लावली होती. सव्वीस जानेवारीला मंडळाची रॅली, मी सर्वांत पुढे. मीटिंगला फक्त पुंडलिक आला. फॅक्टरीतला दोस्त, तीन घरं सोडून राहतो. तो म्हणाला, गणपत, काल ट्रॅकवर बेबी तुला हाका मारून राहिली होती, तू सरळ निघून गेलास. बेबीताई म्हणजे त्याची बायको, रोज पहाटे तलावाला एक चक्कर मारते. मी म्हटलं, सायकलवर माझी समाधी लागते. पुंडलिक हसला नाही. डोळे दाखव यार, म्हणाला. शकुनेच पढवलं असणार.

१७ डिसेंबर, सकाळी ८
आज दोन राउंड! धुक्यातही गेलो, निश्चय म्हणजे निश्चय. घाटाजवळच्या वळणावर कुत्रा आडवा आला. उजव्या हँडलला धक्का बसला, पण तोल सांभाळला. या वयात असा बॅलन्स किती जणांचा असतो? मागून कोणीतरी ‘रुको, रुको’ ओरडलं. कौतुकानं असेल. हात हलवला आणि पुढे निघालो.

१७ डिसेंबर, दुपारी २
वाईट बातमी. बेबीताई ट्रॅकवर पडल्या. कोणीतरी सायकलवाला धडक देऊन पळाला. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार. दवाखान्यात आहेत, शुद्ध येते-जाते. मी पुंडलिकला धरून बसलो. म्हटलं, ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही.
घाटाजवळच्या वळणावर घडलं म्हणतात. म्हणजे मी त्याच्या थोडाच वेळ आधी तिथून गेलो असणार. थांबलो असतो तर कदाचित वाचवलं असतं. या विचारानं जेवण गेलं नाही.

१८ डिसेंबर
शकुने माझी सायकल धुतली. आजवर कधी धुतली नव्हती. ब्रेकच्या तारेतून काहीतरी हिरवं ओढून काढत होती. विचारलं, काय आहे? म्हणाली, लोकर. बेबीताईंची शाल हिरवी होती, असंही म्हणाली. मी म्हटलं, हिरवी लोकर कुठेही असते. ती लोकर मुठीत घेऊन आत गेली.

२१ डिसेंबर, रविवार
आजची वार्ता गाजली. मथळा: ‘बेफाम तरुणाई, जखमी माउली.’ मजकूर चोख उतरला: ‘घटनास्थळी एक सायकलपटू सापडला. रेल्वेत नोकरीला असलेला हा इसम आपल्याच मंडळाचा सभासद आहे. तो काय करत होता, याचं उत्तर समाजाला हवं.’
नाव दिलं नाही. पत्रकारितेचे नियम मी पाळतो. पण रेल्वेत नोकरी, चकचकीत हेल्मेट आणि पहाटेची सायकल असा मंडळात एकच आहे, योगेंद्र. त्यानंच बेबीताईंना उचललं, गाडी थांबवून दवाखान्यात नेलं. लोक विचारताहेत, ज्यानं धडक दिली नाही तो कशाला एवढी धावपळ करेल? तर्क बिनचूक आहे. मला एकावन्न अंगठे आले.

२५ डिसेंबर
योगेंद्रला ग्रुपमधून काढलं. मी सुचवलं नव्हतं, फक्त विषय काढला होता. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं म्हणे. काल त्याच्या सायकलचे दोन्ही टायर कोणीतरी फाडले. हे मात्र बरोबर नाही. पुढच्या अंकात संयमाचं आवाहन करीन. जागा उरली तर.

२८ डिसेंबर, सकाळी ११
योगेंद्रची बायको प्रणाली आली होती. मराठी तोडकंमोडकं बोलते, लहानपणापासून इथेच वाढली. उभीच राहिली. म्हणाली, काका, आप लिख दीजिए ना की गलती हुई. हे मागे होते. ह्यांनी पाहिलं, एक म्हातारा माणूस होता, निळं जॅकेट. धुक्यात चेहरा नाही दिसला, फक्त पाठ दिसली. ह्यांनी किती आवाज दिला, रुको, रुको. तो हात हलवून चालला गेला.
मी म्हटलं, बेटा, पुरावा आण, छापतो.
ती म्हणाली, सासूबाई मंदिरात जात नाहीत आता. बायका तोंड फिरवतात.
मी म्हटलं, वेळ जाऊ दे.
शकु आतून पाणी घेऊन आली. माझं निळं जॅकेट दारामागच्या खुंटीवर होतं. शकु त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पोरगी जाईपर्यंत हलली नाही.

२९ डिसेंबर
निळं जॅकेट ट्रंकेत ठेवलं. थंडी कमी झाली आहे. शहरात निळी जॅकेटं हजारो असतील.
दुपारी थंडी वाजली.

७ जानेवारी
बेबीताईंचं ऑपरेशन झालं. घरी आणलं आहे. पुंडलिक रोज बोलावतो. आज जाणार होतो, पण गुडघा धरला. काल सर्दी होती, त्यांना संसर्ग नको. परवा अमावस्या होती की काय, नीट आठवत नाही.
सायकलवर गेलो नाही. गुडघाच कारण आहे.

१८ जानेवारी, रविवार
योगेंद्रनं कटनीला बदली मागून घेतली. आई, बायको, सामान, सगळं घेऊन गेला. जाण्याआधी पुंडलिकच्या घरी जाऊन बेबीताईंच्या पाया पडला म्हणतात.
आजच्या वार्तेत लिहिलं, ‘ट्रॅक पुन्हा सुरक्षित.’ एकच अंगठा आला. तो माझाच होता, चुकून दाबला गेला.
आठवडाभर नीट झोप नाही. गादी बदलायला हवी.

२२ जानेवारी, सायंकाळी ५
पुंडलिक स्वतः आला. म्हणाला, बेबी आता नीट बोलते. तिला सगळं आठवतं, पण मला सांगत नाही. गणपतभाऊजींना बोलवा, त्यांनाच सांगीन म्हणते. तू वही घेऊन चल. तुझ्याच हातून छापून येऊ दे.
वही घेतली. गेलो.
बेबीताई अर्ध्या झाल्या आहेत. कूस बदलायलाही दोन माणसं लागतात. त्यांनी पुंडलिकला औषध आणायला दुकानात पाठवलं. मी पेन उघडलं.
त्या म्हणाल्या, ते बंद करा, भाऊजी.
मी बंद केलं.
म्हणाल्या, तुम्ही समोरून येत होते. मी हात केला तुम्हाला. नेहमी करते. तुम्ही एकदम सरळ पाहत होते. मला वाटलं, शेवटी वळतील. म्हणून मी बाजूला नाही झाली.
मी म्हटलं, धुकं फार होतं.
म्हणाल्या, एवढं नव्हतं.
मग म्हणाल्या, पडल्यावर मी तुमचं नाव घेतलं, एकदा नाही, तीनदा. ते पोरगं जवळ आलं तेव्हा मी नीट बोलू नाही शकली. त्याला समजलं नाही मी काय म्हणून राहिली होती. काल तो पाया पडून गेला तसं मला सगळं आठवलं.
काल नाही, चार दिवस झाले, असं मी सांगणार होतो. नाही सांगितलं.
म्हणाल्या, मी ह्यांना नाही सांगितलं. तुम्ही सांगा. मी सांगितलं तर हे तुम्हाला मारतील.
पुंडलिक औषध घेऊन आला. म्हणाला, काय, झालं लिहून? मी वही छातीशी धरली आणि निघालो.

२३ जानेवारी
पहिला मसुदा: ‘सदर अपघातात एका ज्येष्ठ सभासदाचा अप्रत्यक्ष सहभाग असल्याचे समजते.’ फाडला.

२४ जानेवारी
दुसरा: ‘ट्रॅकवर पुरेसा प्रकाश नसल्यामुळे.’ हा बरा होता. शकुला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मी त्या दिवशी लोकर चुलीत टाकली, तेव्हापासून मला तुमच्याजवळ बसवत नाही.

२६ जानेवारी
रॅली झाली नाही. कोणी विचारलंही नाही.

२७ जानेवारी
पुंडलिकला सांगितलं. अंगणात तो बेबीताईंच्या चादरी पिळत होता. मी बोललो तेव्हा चादर त्याच्या हातातच होती.
मग म्हणाला, थांबला काहून नाहीस?
मी म्हटलं, मला वाटलं, कुत्रा आहे.
तो म्हणाला, कुत्रा असता तरी थांबायचं असतं, गणपत.
मला वाटलं होतं मारेल. त्यानं चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग दार लावून घेतलं.

१ फेब्रुवारी, रविवार
वार्तेत चार ओळी टाकल्या. ‘बेबीताईंना धडक मी दिली. मला उजव्या बाजूचं दिसत नाही, हे मला माहीत होतं. योगेंद्रनं त्यांना वाचवलं. मी त्याच्याविरुद्ध खोटं लिहिलं.’ शकुने टाइप केलं, मला की-बोर्डवरची अक्षरं सापडत नव्हती. ‘माहीत होतं’ हे शब्द तिनं घातले. मी काढायला सांगितले नाहीत.
एकशे सत्तर जणांनी वाचलं. कोणी काही लिहिलं नाही. नंतर कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस निघाला, त्यावर केकची चित्रं आली.
पोलिस ठाण्यात जाऊन लेखी देऊन आलो. लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी विचारलं, दादा, साथ में कौन है? घर कैसे जाओगे?
योगेंद्रला फोन केला. प्रणालीनं उचलला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, काका, ये बात आप सासूबाईंना सांगू शकले असते. परवा गेल्या त्या. अटॅक आला. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, तुमच्यामुळे असं नाही म्हणत मी. फोन ठेवला.

५ फेब्रुवारी
डॉक्टर. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्याला मधलं थोडं उरलं आहे. थेंब चालू ठेवले असते तर, असं डॉक्टर म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या. अमिता नागपूरहून आली आहे. मोठ्यानं बोलते, जसं काही मला ऐकू येत नाही.

९ फेब्रुवारी, सकाळी ९
शकु रोज सकाळी बेबीताईंची कूस बदलायला जाते. आज म्हटलं, मीही येतो. म्हणाली, बेबीताई हो म्हणतील, पुंडलिक भाऊजी नाही म्हणतील. फाटकापर्यंत चला.
तिचा हात धरून गेलो. ती आत गेली. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. धुकं होतं. थोड्या वेळानं अंगणात पुंडलिक आलेला दिसला. त्याचा तो पांढरा शर्ट. मी हात जोडले. तो गेला नाही. मग मी बोललो. फॅक्टरीतल्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. म्हटलं, आपण एका डब्यात जेवलो. म्हटलं, मला भीती वाटली होती, डोळे गेले तर मी कोण उरणार? म्हटलं, योगेंद्रच्या आईचं ऐकलंस ना? म्हटलं, माफ नको करू, फक्त ऐक. तो ऐकत राहिला. एकदा हात जरासा हलवला, असू दे म्हटल्यासारखा. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली. रडलो थोडा.
शकु बाहेर आली. मी म्हटलं, पुंडलिकनं सगळं ऐकून घेतलं, बरं का. एक शब्द उलट बोलला नाही.
तिनं माझा कोपर धरला. बरंच चालल्यावर म्हणाली, पुंडलिक भाऊजी सकाळीच चेरीतालला गेले, बहिणीकडे. दोरीवर शर्ट वाळत होता.