पेटीचा रंग ओला आहे

आई, पप्पा,

तुम्ही मला इथंच ठेवून अंदमानला जाऊन राहिले का? हे तोंडावर विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या रचना आणि दुर्गाने लावली होती. तोंडावर जमलं नाही, म्हणून शाळेत जाता जाता लिहिते.

पप्पांनी पत्र्याच्या पेट्यांवर सगळ्यांची नावं रंगवली, लहान्या संघदीपचंही. माझंच नाही. सगळी भांडी बांधली, पण माझ्या नावाची थाळी अजून फळीवर. काल मुर्रीहून अल्का मावशी आली, तर म्हणते, "विशाखा, तुले वांगे चालते ना बाई?" काऊन विचारते ती, मला तिच्याकडं ठेवणार म्हणून? आई चहा गाळत होती, वर पाहिलंच नाही.

दहावीचं वर्ष आहे, म्हणाल. दहावी तिथंही असते. पंधरा वर्षं पप्पांना फक्त सुट्टीत पाहिलं. आता कुठं त्यांच्या नोकरीत अंदमानला फॅमिली क्वार्टर मिळालं, तर मीच बाहेर?

थाळी मी पप्पांच्या पेटीत घातली आणि त्यांच्या नावाखाली माझं नाव रंगवलं. रंग ओला आहे, संघदीपला वर बसू देऊ नका. मावशीला सांगा, वांगे तिनेच खावे. मी येणार म्हणजे येणार.

विशाखा