काशिनाथला कॅसेटवरून चार गुण

मुरबाड, रविवार, जानेवारी २००३

माझ्या आसनहरणाचा निषेध अजून कुणी नोंदवलेला नाही. वार्ताहराची राखीव खुर्ची गेल्या फुटबॉल सामन्यात लग्नाच्या शूटिंगवाल्याने पळवली आणि तिच्यावर उभं राहून कॅसेट भरली. ती पाहून मुंबईच्या कुणा तज्ज्ञाने आमच्या बचावपटू काशिनाथला दहापैकी चार गुण दिले. आज तो संघाबाहेर. कॅमेरा चेंडूमागे धावतो. काशिनाथ चेंडूच्या आधीच जागेवर असतो. ते कॅसेटीत कसं दिसणार?

हे वाचून दाखवलं, तर प्रशिक्षक हसले. "भाऊ, तुमचा लिवना झकास. पन त्यानी तीनदा रिवाइंड करून बघला, तुमी एकदाच."

आणि तेही माझ्या खुर्चीवरून! जळफळलो, कबूल. पण काशिनाथसाठी भांडू कसा? गेलं वर्षभर माझ्या डोळ्यांना पलीकडच्या गोलाजवळचं नीट दिसतच नाही. त्याला चांगला म्हणतो, ते सवयीने.