दहा बोरचं माप

३ नोव्हेंबर
सोनपेठला जाऊन आलो, वकिलीणबाईंकडे. वकीलसाहेब गेल्यापासून त्यांच्या नावची बंदूक घरात पडून आहे. ठाण्याने मुदत दिलीय, तेवढ्यात परवानेवाला गिऱ्हाईक शोधा म्हणून. कापड सोडलं आणि मी बोलायचंच विसरलो. चार बोर. दुनळी, वर दोन घोडे, दोन्ही शाबूत. नळीच्या तोंडात अंगठा घातला तरी भोवती जागा उरते. नळीभर जौहर, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ती लाटालाटांची नक्षी, कुठेही गंज नाही. चाळीस वर्षं जुन्या बंदुकांच्या मागे हिंडतोय, चार बोर फक्त ऐकली होती.
बाई म्हणाल्या, "तुमी जीव लावणारे, तुमीच न्या. दुसरा कुणी लग्नात बार काढायला नेईल."
पण परवान्यावर दोनच ठेवता येतात. माझ्याकडे दोन आहेत, आठ बोरची आणि दहा बोरची. 'चार' आणायची तर एक घराबाहेर.

५ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. सुमन म्हणाली, "पोरीला सासरी धाडताना तुमी एवढे हिरमुसले नव्हते."
खरं आहे. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.
दहा जाईल. आठ नाही देववत. दहाही देववत नाही, पण आठ अजिबात नाही.
बंदुकीच्या दुकानदाराला द्यायची नाही. तो नळी कापून, पॉलिश मारून कुणा पुढाऱ्याच्या भिंतीला टांगेल. पेडगावच्या दत्ताकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे, एक जागा रिकामी आहे. शाळेपासूनचा सोबती. त्याच्याकडे राहिली तर कधीही जाऊन हातात घेता येईल. म्हणजे दिल्यासारखी आणि न दिल्यासारखी.

१९ नोव्हेंबर
ताडकळसचं दुकान सुमनवर टाकून परभणीला. अर्ज दिले, दत्ताचा आणि माझा. तिथले जमादार फाइल चाळत म्हणाले, "चार म्हंजे बारापेक्षा ल्हान की."
म्हटलं, उलटं असतं. आकडा लहान तेवढी नळी मोठी. चारहून आठ बारीक, आठहून दहा बारीक, दहाहून बारा.
"मंग उलटं कशाला ठिवलं?"
मी काय सांगू. साहेबांच्या देशात विचारा. चहा पाजला आणि सुटलो.

८ डिसेंबर
दत्ताच्या नावावर 'दहा' चढवायची परवानगी आली. 'चार'ची अजून नाही.
दहाची पेटी काढून साफ केली. आत हिरवी मखमल, प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खाचा. तेलाची कुपी, काडतुसाच्या टोप्यांची डबी, आणि काडतूस हाताने भरताना बारूद मोजायचं पितळी माप. शिंगाची मूठ, बुडाशी कारागिराचं नाव, शेजारी नखाएवढं हरीण कोरलेलं. भांड्यांचं दुकान आहे माझं, पितळेत जन्म गेला, पण असं कोरीव काम दुसरं पाहिलं नाही.
ते बाहेर काढून कपाटात ठेवलं. दत्ताला रानडुकरं हाकलायचीत, त्याला हरीण कशाला? बदल्यात आठचं साधं माप घातलं. ते मोठं, दहाची बारूद त्यात गळ्याखालपर्यंतच हवी. आतून खिळ्याने रेघ मारली, तिथवर भरली की झालं. खाच्यात नीट बसेना, तिरकं ठेवून झाकण लावलं.
चोरी म्हणता येणार नाही. माझीच पेटी.

९ डिसेंबर
पेडगाव. ठाण्यात सह्या झाल्या, मग दत्ताच्या वावरात. हरभरा गुडघ्याला आलाय, कडेकडेने डुकरांनी उकरलेला. कमलवहिनींनी बाजरीची भाकरी, वांगं, ठेचा. दत्ताने बंदूक तान्हं मूल घ्यावं तशी घेतली.
"अप्पा, म्हातारी बार सोसंल का?"
"काळी बारूद घातलीस तर सोसंल. नवी दारू घातलीस तर नळी फाटंल. जौहराची नळी हाय, जोडांची."
"न्हाई घालत. आन किती घालायची?"
"माप पेटीत हाय."
मग 'चार'बद्दल बोलत बसलो. म्हणजे मीच. दत्ता ऐकत होता. परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. हलकं वाटलं.


२६ डिसेंबर
'चार'ची परवानगी नाही. वकिलीणबाईंचा फोन, मुदत संपत आलीय. त्यांना धीर दिला. मला कोण देणार?

४ जानेवारी
सकाळी नऊला कमलवहिनींचा फोन. नीट बोलताच येईना. "तुमची बंदूक फुटली. ह्यांचा हात..." मग दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला. हरभऱ्यात डुकरं शिरली होती, दत्ताने बांधावरून पहिलाच बार काढला आणि नळी चापाच्या पुढे फाटली. डाव्या हातात तिथेच धरली होती. परभणीला दवाखान्यात नेलंय.
'तुमची बंदूक' म्हणाल्या. आता त्याच्या नावावर आहे, असं मनात आलं. हेच पहिलं मनात आलं.

५ जानेवारी
दवाखाना. डावा हात मनगटापासून काढला. डोळे वाचले. चेहऱ्यावर बारुदीचे काळे ठिपके, ते जाणार नाहीत म्हणे.
मला बघून तोच रडला. "अप्पा, तुझी चीज घालवली रं मी."
मी म्हटलं, गप.
"नवी दारू न्हाई घातली. आईची शपथ. काळीच. माप भरून घातली. काडतुसात छर्ऱ्यांला जागाच उरंना, मंग लाकडानं ठोकून बसवले. तिथंच माझं चुकलं बग."
माप भरून.
खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभा राहिलो. वहिनींना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी मलाच पाणी दिलं. आणि मी ते पाणी प्यालो.

६ जानेवारी
जमादार पेडगावला पंचनामा करून थेट दुकानात. फाटलेल्या नळीचे फोटो दाखवले, बघवले नाहीत. मग रुमालातून माप काढलं.
"ह्याच्यात आतून रेघ कशाची हाय?"
"जुनं हाय. असंल कशाची तरी."
सुमन शेजारी डबे पुसत होती. तिने वर पाहिलं, पुन्हा डबे पुसायला लागली.

७ जानेवारी
दुकान बंद ठेवलं. आठच्या मापाएवढीच एक पितळी डबी सापडली. तिच्यात रवा काठोकाठ भरला, तागडीत टाकला. दुसऱ्या पारड्यात हरणाच्या मापाने रवा. डबीचं पारडं धाडकन बसलं. दीडपट.
बारूद दीडपट आणि वर ठोकलेले छर्रे. नवी बंदूकही कुरकुरली असती.
आयुष्यभर लोकांना मापं विकली. मीठ-मिरचीच्या मापात कधी कुणाला फसवलं नाही.

१२ जानेवारी
ही वही मागे चाळली. ९ डिसेंबर. 'माप पेटीत हाय.' एवढंच. रेघेचं एक अक्षर नाही. आठवून पाहिलं, खरंच बोललो नाही. तो विचारत होता आणि माझं ध्यान सोनपेठला.
त्या नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या आहेत. पेनही तेच आहे. 'रेघेपर्यंतच भर, वर नको, असं बजावलं.' एका ओळीत मावेल.
वही मिटली.

१८ जानेवारी
जमादार पुन्हा. दत्तावर निष्काळजीपणाची केस करायचीय. परवाना जाणार, कोर्टाच्या फेऱ्याही. गुन्हा शाबीत झाला तर आणखी काय ते साहेब ठरवतील. माझा जबाब लागेल.
"तुमी त्याला समजावून दिलं हुतं ना सगळं? मंग झालं. तुमी मोकळे. आन तुमी वही लिहिता म्हणं? त्या तारखेचं असलं तर घिऊन या, काम सोपं हुतंय."
वही लिहितो हे त्यांना कुणी सांगितलं? दत्ताने. माझी बाजू घेत सांगितलं म्हणे, अप्पा लय टापटिपीचा माणूस हाय, लिहून ठिवतो समदं.

२५ जानेवारी
'चार'ची परवानगी आली. सोनपेठला गेलो. आणली.
आनंद झाला. इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो, झाला. दस्ता गालाला लावला तेव्हा दहा मिनिटं दत्ता आठवला नाही. अकराव्या मिनिटाला आठवला आणि स्वतःची किळस आली.
सुमनने बंदुकीकडे पाहिलंही नाही. "ठिवा तिकडं, कपाटात," म्हणाली. "तुमच्या त्या मापापाशी."
म्हणजे तिला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून असेल.

२ फेब्रुवारी
पेडगाव. दत्ता घरी आलाय. हरभरा काढायला आला, भावकीतली माणसं काढतायत. तो ओट्यावर बसून बघतो. मी असताना लघवीला उठला, आणि परत येऊन नाडी धरून उभा राहिला वहिनी येईपर्यंत. माझ्याकडे बघून हसला. मी जमिनीकडे पाहिलं.
म्हणाला, "नळी आन माप पोलिसांनी नेलं. पेटी राह्यलीय, ती तुझी तू घिऊन जा. आता मला कशाला?"
उजव्या हाताने झाकण उघडलं. मखमलीतल्या रिकाम्या खाच्यात बोट घातलं.
"अप्पा, एक इचारू? ते माप हितं बसायचंच न्हाई. लय दाबून बघितलं. मला वाटलं, जुनी मखमल, फुगली आसंल."
वहिनी सुपात हरभरा पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.
म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि निघालं काय, "उशीर होईल, एसटी जाईल."
पेटी मांडीवर घेऊन परभणीपर्यंत उभ्या माणसांच्या गर्दीत बसलो. भित्रा आहे मी. बंदुका जमवणारा भित्रा माणूस.

९ फेब्रुवारी
उद्या अकराला परभणीला जबाब. दत्तालाही बोलावलंय, वहिनी घेऊन येणार आहेत. एकाच बाकावर बसावं लागेल.
संध्याकाळी दुकान आवरल्यावर पेटी उघडली. कपाटातून हरणाचं माप काढून त्या खाच्यात ठेवलं. टिक करून बसलं. बोटाने हलवलं तरी हललं नाही. शाळकरी पोराने पाहिलं तरी कळेल, इथे कोणतं होतं.
झाकण लावलं. टॉवेलात गुंडाळली. वर ही वही ठेवणार आहे. ९ डिसेंबरखालच्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत. पेन मुद्दाम दुकानातच ठेवून आलो होतो, हे लिहायला सुमनकडून मागून घेतलं.
"पेटी कशाला न्यायलाव?" तिने विचारलं.
"दाखवायला."
"कुणाला? जमादाराला का दत्ताभावजींला?"
मी टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला. ती हात पुढे करून म्हणाली, "झालं आसंल लिहून तर पेन द्या माझं."