मागच्या बाकावरचा तास

हेडमास्तरसाहेब,

नागपूरहून एक कागद आला आहे. नागपूरहून येणाऱ्या कागदांसाठी आमच्या अकोल्याच्या शाळेत एक वेगळं फडताळ आहे, आणि त्या फडताळाला वाळवी लागली तेव्हा मी आठवडाभर कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण इथला हेडमास्तर आता मीच आहे, आणि या कागदाला उत्तर द्यावं लागणार आहे. शिक्षकवर्गात परस्पर सहकार्य वाढावे व सर्वांच्या मनात शाळेविषयी आपलेपणा उत्पन्न व्हावा यासाठी मुख्याध्यापकांनी कोणते उपाय योजले, ते दिलेल्या जागेत लिहावे, असं त्यात म्हटलं आहे. दिलेली जागा दोन बोटं रुंद आहे. सकाळपासून मी त्या दोन बोटांकडे पाहत बसलो आहे आणि आता कागद उलटा करून, मागच्या कोऱ्या बाजूला, तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सहकार्य हा शब्द दिसला की अजून तुमचाच चेहरा समोर येतो. माझा येत नाही, हे मीच सांगितलेलं बरं.

आमच्याकडचं सहकार्य कसं आहे ते सांगतो. हिंदुस्थानचा एकच नकाशा आहे आणि तो इतिहासाच्या मास्तरांच्या कपाटात असतो. परवा भूगोलाच्या मास्तरांनी मागितला, तर हे म्हणाले, "नकाशा सध्या अकबराच्या कामात आहे." भूगोलाच्या मास्तरांनी तो तास खिडकीबाहेर बोट दाखवून घेतला. पोरांना मोर्णा नदी तेवढी पक्की झाली, गंगा-यमुना राहिल्या. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्यांचे तीन घोळके आहेत, आणि एका घोळक्यातली खुर्ची दुसऱ्यात गेली की चार दिवस त्यावर चर्चा चालते. मी मधे पडत नाही. पूर्वी पडत असे. आता दमलो.

अमरावतीला तुमच्या शाळेत मी आलो तेव्हा मी नवा बी. ए. होतो, आणि तो नवेपणा अंगावर मिरवत होतो. तुम्ही पहिल्याच दिवशी वेळापत्रक हातात दिलंत, त्यात मंगळवारच्या चौथ्या तासावर नुसतं 'मागचा बाक' असं लिहिलं होतं. मला वाटलं, मोकळा तास आहे. तुम्ही म्हणालात, "मोकळा नाही. त्या तासाला तुम्ही दुसऱ्या मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. विद्यार्थी म्हणून. पोरांना जे करायला सांगतील ते तुम्हीही करायचं. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांसमोर एवढंच सांगायचं, की मी काय शिकलो. चूक काढायची नाही, स्तुती करायची नाही. काय शिकलो, तेवढंच." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की या शाळेत मास्तरांनाही शाळेत घालतात.

पण शनिवारची ती बैठक, साहेब, मी आजवर पाहिलेल्या सगळ्या बैठकींत एकच अशी होती, जिच्यातून माणसं मुरमुरे संपल्यावरही उठत नसत. एका शनिवारी फारसीच्या मौलवीसाहेबांची पाळी होती. ते सायन्सच्या तासाला बसले होते. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस का येत नाही, ते आज समजलं. कसूर पानी का है. और मैं दस साल से बीवी को डाँट रहा हूँ. आज घरी जाऊन माफी मागावी लागणार, हेडमास्तरसाब. मंगळवारी मला दुसऱ्या वर्गात बसवा, सायन्स महाग पडतं." सायन्सचे मास्तर डोळे पुसेपर्यंत हसले, आणि पुढच्या आठवड्यात मौलवीसाहेबांच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून वर्गात घेऊन गेले. हे असं चालत असे. दोन बोटांत हे कसं लिहू?

मग भूमितीच्या गुरुजींचा मंगळवार आला. गुरुजी तेव्हा पंचावन्नच्या जवळ होते. भातकुलीकडे त्यांचा भाजीचा मळा होता, तिथून ते पहाटे निघून येत. डिगरी नव्हती. बोलत अस्सल वऱ्हाडी, वर्गातही तेच. माझा बापही दर्यापूरकडे तसंच बोले, आणि कॉलेजातली चार वर्षं मी ती बोली जिभेवरून खरवडून काढण्यात घालवली होती. म्हणून त्यांचा आवाज कानावर पडला की मला आपलंच कोणीतरी चारचौघांत उघडं पडल्यासारखं होई. हे तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा नुसतं हसू येत होतं.

गुरुजी वर्गात आले, बाकं भिंतीकडे सरकवली, उजव्या पायातली वहाण काढली, आणि पायाच्या अंगठ्याला सुतळीचा फास घातला. दुसऱ्या टोकाला खडू बांधून एका पोराच्या हातात दिला. अंगठा फरशीवर दाबून ते उभे राहिले आणि पोरगा त्यांच्याभोवती फिरू लागला. "ताणून धर ना रे! सुतळी ढिली पडली का गोल गेला बोंबलत!" पोरगा फिरतो आहे, गुरुजी जागच्या जागी फिरताहेत, धोतराचा सोगा दातांत, आणि सगळा वर्ग टाचा उंचावून बघतो आहे. गोल पुरा झाला. त्याच्या मधोमध, अंगठ्याच्या खुणेवरून, आरपार रेघ मारली, रेघेच्या दोन टोकांना दोन पोरं बसवली आणि एका नव्या सुतळीचं एकेक टोक त्यांच्या हातात दिलं. मग मागे बघून म्हणाले, "मास्तर, तुमी कायले मांगं बसले? या ना इकडं. हे सुतळी मधात धरा अन् गोलावर कुठंबी उभे राहा. तुमच्या मनानं. मी नाई सांगत." मी गेलो. गोलावर उभा राहिलो. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण तेवढ्यासाठीच हा कागद उलटा केला आहे.

शनिवारी माझी पाळी आली. सगळे वाट पाहत होते, कारण माझ्या पाळीला हशा पिकतो हे तोवर ठरून गेलं होतं. मी उभा राहिलो, उजव्या पायातला बूट काढला, पाय खुर्चीवर ठेवला आणि म्हणालो, "मी शिकलो, की वर्तुळाचा मध्य गुरुजींच्या अंगठ्यात असतो." मग तेवढ्यावर न थांबता धोतराचा सोगा दातांत धरून जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि त्यांच्या आवाजात ओरडलो, "ताणून धर ना रे!" खोली हसून हसून लवली. सायन्सचे मास्तर हसले, मौलवीसाहेबही आधी हसले आणि मग एकदम हातातल्या मुरमुऱ्यांकडे पाहू लागले. गुरुजीही हसले. थोडं. आपल्यावरच्या हसण्यात आपण सामील नसलो तर बरं दिसत नाही, तेवढं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्या गुडघ्यांकडे पाहत होतात.

नंतर तुम्ही मला खोलीत बोलावलंत. मी रागावण्याची तयारी करून आलो होतो, म्हणजे तुमच्या रागावण्याला काय उत्तर द्यायचं त्याची. तुम्ही विचारलंत, "मंगळवारी तास सुटल्यावर तुम्ही माझ्यासमोरून गेलात, तेव्हा तुमच्या धोतराला दोन्ही गुडघ्यांवर खडू लागला होता. तो कसा लागला?"

"बाकाचा असेल."

"बाकावर तुम्ही गुडघे टेकून बसता?"

तुम्ही बराच वेळ टेबलावरची दौत सरळ करत होतात, ती सरळच होती. मग म्हणालात, "पुढल्या शनिवारी पुन्हा तुमचीच पाळी लावतो. मंगळवारी काय शिकलात ते राहिलं आहे सांगायचं. तेवढं गुरुजींसमोर सांगा." एवढीच तुमची शिक्षा. मी मनात म्हटलं, स्वस्तात सुटलो.

सोमवारी गुरुजी नेहमीसारखी मळ्यातली वांगी घेऊन आले. प्रत्येकाच्या टेबलावर चार चार. माझ्या टेबलाशी येऊन थांबले. "घ्या मास्तर, कोवये हायेत. भरून करा लागते सांगजा घरी." मी घेतली. बायकोने भरून केली, मी जेवलो, आणि चांगली झाली होती. मंगळवारी मी पुन्हा त्यांच्या मागच्या बाकावर. गुरुजींच्या दोन्ही पायांत बूट होते, नवे, टाचेला चावणारे, कारण ते लंगडत होते. हातात शाळेच्या कपाटातला लाकडी कंपास. त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले, "सिद्ध करावयाचे आहे की..." एकेक शब्द दगड चुकवत नदी ओलांडावी तसा. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकाने विचारलं, "गुरुजी, सुतळी?" ते म्हणाले, "सुतळी नाही. पुस्तकात पाहावे." त्या तासाला कोणी टाचा उंचावल्या नाहीत. पुढच्या सहामाहीत त्या वर्गाने भूमितीत जे दिवे लावले, त्याची तुम्ही कोणाकडेच विचारपूस केली नाहीत.

त्या शनिवारी मी तापाचं निमित्त सांगून घरी राहिलो. त्याच्या पुढच्या शनिवारी आलो आणि कवायतीच्या तासाबद्दल काहीतरी चटपटीत बोललो. नंतर दर शनिवारी, सगळ्यांचं झालं की, तुम्ही विचारत असा, "कोणाचं काही राहिलं आहे का?" आणि खोलीतल्या सगळ्यांकडे पाहत असा, मला सोडून. ते मला सोडणं वर्षभर चाललं. वर्षाच्या अखेरीला गुरुजी मुदतीआधीच पेन्शनीवर गेले. निरोपाच्या भाषणात मी त्यांची तोंडभर स्तुती केली. स्तुती करायची नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत. मग मला अकोल्याची जागा मिळाली. तुम्ही शिफारस लिहून दिलीत, तिच्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ती इतकी आखूड होती.

तुमची बातमी मला मूर्तिजापूर स्टेशनात मौलवीसाहेबांनी दिली. गाडी सुटायला लागली तेव्हा खिडकीशी चालत चालत म्हणाले, "भूमितीवाले भी गुजर गए. त्याच महिन्यात." दोघांत आधी कोण, ते विचारायचं राहिलं.

आता इथलं ऐका. दोन महिन्यांपूर्वी मी इथे मागचा बाक सुरू केला. तुमची नक्कल करतो आहे, दुसरं काय. काही मास्तर तिथे बसून वह्या तपासतात. एक झोपतात, पण वेळेवर झोपतात. तरी चालवलं. गेल्या शनिवारी सायन्सच्या तरुण मास्तरांची पाळी होती. हुशार माणूस, तोंड माझ्यासारखं. ते चित्रकलेच्या मास्तरांच्या वर्गात बसले होते. आमचे चित्रकलेचे मास्तर खरा भोपळा टेबलावर ठेवतात आणि पोरांना आधी डोळे मिटून त्याच्यावरून हात फिरवायला लावतात, मग काढायला सांगतात. हा तरुण उठला आणि म्हणाला, "मी शिकलो, की भोपळ्याला गोंजारलं तर तो जास्त वेळ बसून राहतो." खोली लवली. साहेब, सगळ्यांत आधी मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानेही. हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते पाहणं ओळखू आलं. मीही तेव्हा असंच तुमच्याकडे पाहिलं होतं, आणि तुम्ही ते वाया जाऊ दिलंत. मला तेवढंही जमलं नाही. मग उशिरा माझी नजर त्याच्या गुडघ्यांकडे गेली. पाटलोण स्वच्छ होती. म्हणजे हा माझ्यापेक्षा बरा म्हणायचा. हा खरोखरच काही शिकला नव्हता.

आज चित्रकलेचे मास्तर वर्गात छापील तक्ता घेऊन गेले. भोपळा शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात पडून आहे. तीन घोळक्यांपैकी कोणीच तो आपला म्हणत नाही.

उद्या शनिवार. पाळीच्या यादीत मी सगळ्यांत वर माझं नाव घातलं आहे. काय सांगायचं ते मला माहीत आहे. तोंड उघडेल की नाही, ते माहीत नाही. या वयात ते फक्त एकाच कामाला उघडायची सवय झाली आहे. नागपूरच्या कागदाची दोन बोटं अजून कोरी आहेत आणि मागची बाजू मी तुमच्यावर खर्च करून बसलो, म्हणजे आता हा कागद त्यांनाही पाठवता येणार नाही आणि तुम्हालाही. वाळवीच्या फडताळात टाकतो.

तर तो खडू. तो बाकाचा नव्हता. गुरुजींनी माझ्या हातातल्या सुतळीचा कोपरा फरशीवर टेकवला, एका पोराच्या हातात दगडी पाटी दिली आणि म्हणाले, "लाव पाटीचा कोपरा. पाह्य, बसते का." बसला. मग मला म्हणाले, सरका. मी गोलावरून दोन हात सरकलो. पुन्हा बसला. मॅट्रिकला मी भूमितीत एकदा नापास झालो होतो, आणि दुसऱ्यांदा पास झालो तो पाठ करून. अर्धवर्तुळातला कोन काटकोनच का, ते मला कधी कळलंच नव्हतं. माझा विश्वास बसेना. मी त्या पोराच्या हातून पाटी घेतली, बी. ए. झालेला माणूस, सगळ्या वर्गासमोर गुडघ्यांवर बसलो आणि स्वतः लावून पाहिली. एका जागी, मग दुसऱ्या, मग पार कडेला, जिथे बसणारच नाही असं वाटत होतं तिथे. गुरुजी वरून म्हणत होते, "कुठंबी जा मास्तर, कुठंबी."

पाटी बसली होती, साहेब. तिन्ही ठिकाणी.