धुतलेला पट्टा

२५ सप्टेंबर १९९४, रविवार
दिवसभर दत्ताण्णांच्या गॅरेजात. लाल आठशे गाडीला रेसचे सीटपट्टे बसवून झाले एकदाचे. द. बोल्टखाली नुसता वॉशर घालून मोकळे होत होते. म्हटलं, गाडी आदळली की सगळी ओढ त्या बोल्टवर येणार, तळाचा पत्रा फाडून बाहेर येईल तो. खालून तळहाताएवढी जाड पट्टी घाला. "शांता, तू पॅराशूटवाली. तुला माणूस दिसला की तो आभाळातून पडतानाच दिसतो." बोलले, पण पट्टी कापली.

खांद्याच्या पट्ट्यांची टोकं सीटमागच्या आडव्या नळीला, खांद्याच्या उंचीवर. तळाला बांधली असती तर धक्क्यात पाठीचा कणाच दाबला जातो. हे द. ना आता सांगावं लागत नाही.

रघूला बसवून आवळून पाहिलं. गाडी बनवायची दत्ताण्णांनी, पळवायची याने. त्यांचा धाकटा भाऊ ना. कंबरेचा पट्टा पोटावर घेत होता. खाली ओढला, हाडावर.
"अक्का, श्वास?"
"श्वास रेस झाल्यावर घे."

घरी आले तर किल्ली सापडेना. आईला जाऊन वर्ष झालं. जन्मभर कोणीतरी आतून दार उघडलं, त्यामुळे किल्ली कुठे ठेवायची ही सवयच नाही.

२ ऑक्टो., रविवार
परत गॅरेज. काम फार नव्हतं. तरी गेले.

द. नी चित्रान्नाचा भात बाजूला काढून ठेवला होता, मला शेंगदाणे जास्त लागतात म्हणून वरून अजून घातलेले. वहिनी गेल्यापासून ते दुपारचं हॉटेलातूनच मागवतात. बाकावर बसून खाल्लं. टायरचे भाव, मल्लेश्वरमचं पाणी, मद्रासची रेस. काही विशेष नाही.

चाळिशी उलटलेल्या बाईला ग्रीसचा वास आवडायला लागला तर लोक काय म्हणतील. म्हणोत. मला तिथे ते असतात म्हणून जायला आवडतं. लिहून टाकलं. तोंडाने अण्णा म्हणते ते म्हणतच राहीन.

सोमवार ते शनिवार पॅराशूटच्या सेक्शनमध्ये आठ जणी, आठ शिवणाच्या मशिनी, आवाजात कोणी कोणाशी बोलत नाही. मग रविवार.

१३ ऑक्टो., गुरुवार, खंडेनवमी
आयुधपूजेला गॅरेजात. केळीचे खांब, झेंडू, पान्यांची ओळ लावून प्रत्येकाला गंध, लाल आठशेच्या चाकांखाली लिंबं. गॅरेज इतकं स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात कळेना.

पाटावर पट्टे. गुंडाळी करून, वर कुंकू. गडद निळे होते ते, आज आकाशी. द. नी ग्रीसचे डाग जावेत म्हणून फरशी धुवायच्या बादलीत रात्रभर भिजत घातले. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात. मग गच्चीवर उन्हात.
"कसे? कोरे करकरीत."
सगळे म्हणाले, वा. मी हात लावला. वाळलेल्या केळीच्या सोपटासारखे लागले.

पूजेत काय बोलणार. गूळ-खोबरं घेतलं, चुरमुरे घेतले, आले. इतके हौसेने दाखवत होते.

१५ ऑक्टो., शनिवार
सेक्शनमधून सुटून थेट गॅरेज. सांगितलं. ब्लीचिंगने धागा आतून कुजला, पट्टा गेला, त्यावर रेस करायची नाही. नखाने कड खरवडून दाखवली, बारीक कूस निघाली.

द.: "स्वल्प रंग गेलाय, एवढंच. तीन बोटं रुंद पट्टा आहे, काय होतंय?"

दिसतं तसं नसतं हे यांना गाडीच्या बाबतीत बरोबर कळतं. जुनं इंजिन नुसतं ऐकून सांगतात आत काय झिजलंय. कापडाचं मात्र डोळ्यांनीच बघणार.

रघूने तोच पट्टा वरच्या तुळईला बांधला आणि लोंबकळला. "बघा अक्का. तुटला?" बाकीचे हसले. रघू साठ किलोचा. गाडी भिंतीवर गेली की तो साठ किलोचा राहत नाही, ओढ कितीतरी पट होते. हे मी म्हटलं तर द. नी तोंड फिरवलं. रेसच्या आधी असलं अभद्र बोलू नये म्हणे.

दुसरे पट्टे इथे दुकानात मिळत नाहीत. हे रघूच्या मित्राने परदेशातून आणले. रेस २३ ला, यंदाची शेवटची. रघूने गाडी नीट आणली तर पुढच्या वर्षी एक मोठा संघ त्याला घेईल असं चाललंय. म्हणजे पट्टा नाही तर रघूचं सगळंच नाही. कळतं मला.

"शिवण तपासून आणते" म्हणून पट्टे घरी घेऊन आले. द. खूश झाले. त्यांना वाटलं मी मानलं.

१६ ऑक्टो., रविवार
गेले नाही. पट्टे टेबलावर. परत परत पाहिले. कदाचित एवढे वाईट नसतील. कदाचित रेस नीट होईल आणि कोणाला कधी कळणारही नाही. गाड्या रोज थोड्याच आदळतात.

सेक्शनमध्ये तपासणीच्या टेबलावर असा पट्टा आला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलाही नसता. इथे दिवसभर बघत बसले. कारण उघड आहे. तिथे पट्टा नाकारला तर मला चित्रान्न कोण देणार हा प्रश्न नसतो.

१८ ऑक्टो., मंगळवार
कापले. सगळे, मधोमध. नुसते लपवले असते किंवा नाही म्हटलं असतं तर रघू येऊन घेऊन गेला असता.

सुरी फार सहज गेली. चांगला पट्टा इतका सहज कापला जात नाही.

१९ ऑक्टो., बुधवार
तुकडे पिशवीत घालून गॅरेज. द. नी पिशवी उघडून पाहिली.
"मला विचारायचंस तरी."
"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."
"हो. म्हणालो असतो."

रघू ओरडला नाही. म्हणाला, "अक्का, तुमच्या घरी कोण आहे गाडी चालवणारं? तुम्हाला काय होतंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण द. त्याला गप्प बस म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं.

चालत घरी. डोळ्यांत पाणी होतं, पुसायला थांबले नाही.

२० ऑक्टो., गुरुवार
बाजारात द. समोरच्या फुटपाथवर. मला पाहिलं आणि टोमॅटो निवडायला लागले. टोमॅटो खात नाहीत ते, पित्त होतं.

मी बरोबर आहे याबद्दल तिळमात्र शंका नाही. त्याने संध्याकाळ जात नाही.

२२ ऑक्टो., शनिवार
न राहवून गॅरेजकडे. कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "निन्नेने होदरु अक्का, मद्रास." कालच गेले. पट्टे मिळाले का, ते त्याला काय माहीत. मिळाले नसतील तर रघू साध्या गाडीच्या पट्ट्यावर बसेल. बसेलच, ओळखते मी त्याला.

जेवले नाही.

२३ ऑक्टो., रविवार, सकाळ
शेजारच्या कमलम्मांनी कुंपणावरून हाक मारली, मद्रासहून फोन. त्यांच्या हॉलमध्ये सगळे इस्त्रीचे कपडे घालून निघायच्या तयारीत, सोफ्यावर ओळीने, आणि मध्ये मी गाऊनवर टॉवेल घेऊन.

द. होते. एसटीडी बूथवरून. हॅलो नाही, कशी आहेस नाही.
"दुसऱ्या संघाने त्यांचे जादा पट्टे दिलेत. चांगले आहेत. नख मारून बघितलं मी."
नख मारून बघितलं.
"पण खांद्याच्या पट्ट्यांना टोकाला लोखंडी कान नाहीत, बोल्ट कुठे लावू? नुसतं एक चपटं बकल आहे. नळीला बांधायचं कसं?"
म्हटलं, नळीभोवती एक वेढा घ्या. टोक बकलातून बाहेर काढा. इतक्यावर थांबू नका हं, नाहीतर ओढ बसली की सरकून सुटतो.
"मग?"
"मग टोक उलटं फिरवून बकलातून परत..."
खरखर. कट.

रिसीव्हर धरून उभी. सोफ्यावरची ओळ माझ्याकडे बघतेय. कमलम्मा म्हणाल्या, "बरतारे बिडम्मा, परत करतील." पंधरा मिनिटं बसवून घेतलं, कॉफी दिली. फोन आला नाही. त्यांची आनेकलची बस होती, भाचीकडे बारसं. मी थांबते म्हणायचं होतं, लोकांच्या बंद घरात कसं थांबणार. मुलाने बाहेरून कुलूप घातलं.

नंबर माझ्याकडे नाही. रेस दोनला. आता बस धरली तरी रात्र होईल पोचायला.

दुपार
कमलम्मांच्या पायरीवर बसलेय, वही घेऊन. घरात बसवेना.

बाराच्या सुमाराला फोन वाजला. खिडकीच्या जाळीतून दिसतो, क्रोशाच्या रुमालाखाली. खूप वेळ वाजला. जाळीशी तोंड नेऊन म्हटलं, परत आत घाला, त्याच बकलातून परत आत, दत्ताण्णा. मोठ्याने म्हटलं. समोरची बाई गॅलरीत आली बघायला.

थांबला. परत वाजला, परत थांबला.

मग काहीच नाही. ऊन पायरीवरून खाली उतरलं.

द. ना जोडकाम कळतं. वेढा घेतल्यावर हाताला सैल लागलं की ते तसं सोडणार नाहीत, उलटं घालून बघतील. किंवा रघू घाई करेल.

दोन वाजून गेले. तीन झाले असतील.

वाजतोय.